सिस्तेमा : भीतीचा अभ्यास करणारी रशियन स्वसंरक्षणकला

उत्तरवारा (मूळ लेख)

सिस्तेमाच्या वर्गात नव्याने आलेल्या माणसाला आरंभी ठोसा, लाथ किंवा पकड यांपैकी बहुधा काहीच शिकवले जात नाही. त्याला जमिनीवर उताणे झोपायला सांगतात. नाकाने श्वास घेता घेता पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत सगळे अंग आवळायचे आणि तोंडाने श्वास सोडता सोडता ते पूर्ण सैल करायचे. मग फक्त उजवा पाय आवळून बाकीचे शरीर सैल ठेवायचे, मग डावा हात, मग पोट. त्यानंतर जोर आणि बैठका येतात, पण इतक्या संथ गतीने की एका जोरात खाली जाईपर्यंत वीस-तीस अंक मोजून होतात आणि मध्येच कुठेतरी श्वास अडकल्याचे ज्याचे त्याला कळते. स्वसंरक्षण शिकायला आलेल्या माणसाकडून हे सगळे का करून घ्यायचे, या प्रश्नाच्या उत्तरात या कलेचे तत्त्वज्ञान दडलेले आहे आणि त्याविषयी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आज सिस्तेमा या नावाने जे शिकवले जाते त्याचे ठळक असे दोन प्रवाह आहेत. पहिला अलेक्सेई कादोच्निकोव (१९३५–२०१९) यांचा. ते दक्षिण रशियातील क्रास्नोदार येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात यंत्रशास्त्र शिकवत असत, आणि त्यांची विचारपद्धतीही त्याच विषयातून आलेली आहे : मानवी शरीर म्हणजे तरफांची मांडणी, तोल म्हणजे गुरुत्वमध्य आणि दोन पावलांमधला आधार यांचे नाते, आणि समोरच्याचा जोर थोपवण्याऐवजी त्याची दिशा किंचित बदलून त्याला त्याच्याच वेगाने आधाराबाहेर नेणे हे कामाचे सूत्र. दुसरा प्रवाह मिखाईल र्‍याब्को (१९६१–२०२३) आणि त्यांचे शिष्य व्लादिमीर वासिलयेव यांचा. र्‍याब्को सुरक्षा दलांत कर्नल होते. वासिलयेव कॅनडात स्थायिक झाले आणि १९९३ साली त्यांनी टोरांटोत शाळा उघडली, जिच्यामुळे ही कला रशियाबाहेर पोहोचली. पुढचे विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रवाहाविषयी आहे, कारण भीतीचा प्रश्न त्याने केंद्रस्थानी आणला.

श्वास, शैथिल्य, शरीराची ठेवण आणि अखंड हालचाल ही चार तत्त्वे या प्रवाहात पायाभूत मानली जातात. चारही वेगवेगळी सांगितली जात असली तरी माझ्या समजुतीप्रमाणे ती एकाच निरीक्षणातून निघालेली आहेत. माणूस घाबरला की सर्वांत आधी त्याचा श्वास थांबतो. मग खांदे कानांकडे चढतात, मान आखडते, दातावर दात बसतात, पाठ वाकते, नजर एका बिंदूवर खिळते आणि पाय जागीच रुततात. म्हणजे हल्लेखोराने हात लावण्याआधीच माणसाने स्वतःला बांधून घातलेले असते. ही साखळी उलट दिशेने सोडवता येईल काय, असा प्रश्न सिस्तेमा विचारते. भीती थेट इच्छेच्या बळावर घालवता येत नाही, परंतु श्वास मात्र इच्छेने चालवता येतो. श्वास चालू राहिला तर खांदे उतरतात, खांदे उतरले तर पाठ सरळ होते, पाठ सरळ झाली तर पाय मोकळे होतात आणि डोळ्यांना आजूबाजूचे पुन्हा दिसू लागते.

म्हणून श्वासासंबंधीचे नियम अतिशय बारकाईने सांगितले जातात. श्वास हालचालीच्या किंचित आधी सुरू व्हावा, म्हणजे हालचाल श्वासावर स्वार होईल. तो खंडित होऊ नये. जेवढे काम असेल तेवढाच घ्यावा, भरमसाट ओढू नये. मार बसला, वेदना झाली किंवा दम लागला की तोंडाने आखूड, जलद श्वासांची मालिका सुरू करावी आणि वेदना ओसरेल तसा श्वास लांबवत न्यावा. चालताना एका पावलाला श्वास आणि एका पावलाला उच्छ्वास, मग दोन-दोन, मग तीन-तीन, असे चढत जाऊन पुन्हा उतरत येण्याचा एक व्यायाम आहे, आणि नवख्या माणसाला सात-आठ पावलांच्या पुढे जी घुसमट जाणवते ती त्याच्या भीतीशी झालेली पहिली प्रामाणिक भेट असते, असे मला वाटते.

शैथिल्याविषयी बराच गैरसमज आढळतो. अंग ढिले सोडून लुळे पडणे असा त्याचा अर्थ नाही. कामाला लागतील तेवढेच स्नायू कामाला लावावेत आणि बाकीच्यांनी त्यांच्या वाटेत येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. कोपर सरळ करणारे आणि वाकवणारे स्नायू एकाच वेळी आवळले गेले तर हात ताठ होतो, पण मंदही होतो, आणि घाबरलेल्या माणसाचा ठोसा नेमका असाच असतो. शिवाय ताठ शरीर धरायला सोपे जाते, कारण एका मनगटाला दिलेला हिसका थेट पाठीपर्यंत पोहोचतो. ठेवणीच्या बाबतीतही हाच विचार आहे. सिस्तेमात पवित्रा नाही. माणसाने नेहमीसारखे सरळ उभे राहावे, कारण पवित्रा घेतला की आपला हेतू समोरच्याला कळतो आणि आपणही त्या एका आकारात अडकतो. हालचालीचा नियम तर दोन शब्दांत सांगता येतो : थांबू नये.

आता सर्वांत वादग्रस्त भागाकडे येतो. या कलेत मार कसा द्यावा याच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्या आधी, मार कसा घ्यावा हे शिकवले जाते. जोडीदार प्रथम आपली मूठ तुमच्या छातीच्या बाजूवर किंवा पोटावर नुसती टेकवतो आणि हळूहळू दाबतो. तुम्ही श्वास सोडत त्या दाबाला वाट करून द्यायची. काही काळाने त्या दाबाचा हलका ठोसा होतो, मग मध्यम, आणि प्रत्येक ठोशानंतर आत काय घडले ते पाहायचे : राग आला का, लाज वाटली का, परतफेड करावीशी वाटली का. परत मारण्याची ऊर्मी हीसुद्धा भीतीच आहे, असे इथे मानले जाते. अहंकार, राग आणि भीती यांना र्‍याब्कोंच्या परंपरेत वेगवेगळे रोग मानत नाहीत. ज्याला स्वतःची प्रतिमा जपायची आहे तो आखडतो, आणि जो आखडतो तो मार खातो, अशी ही मांडणी आहे. पट्टे, श्रेणी, गणवेश आणि स्पर्धा यांना या प्रवाहात स्थान नाही, त्यामागेही हेच कारण आहे. जोडीदाराला इजा न करता काम करावे हा आग्रहही तिथूनच येतो, कारण दर आठवड्याला दुखापत घेऊन घरी जाणारा विद्यार्थी धीट होण्याऐवजी अधिकाधिक भित्रा होत जातो.

माझे मत असे की स्वसंरक्षणाच्या प्रश्नाला सिस्तेमाने योग्य टोकाकडून हात घातला आहे. रस्त्यावर अचानक अंगावर कोणी धावून आले तर बहुतेकांना डाव आठवत नाहीत, आणि ते का आठवत नाहीत याचा विचार डावांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे. मात्र स्पर्धाच नसलेल्या कलेत आपली भीती खरोखर कमी झाली की केवळ ओळखीच्या जोडीदारासमोर कमी झाली, हे कसे ओळखायचे, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. कुस्ती, ज्युदो, योग किंवा अन्य कोणत्याही अंगाने ज्यांनी यावर विचार केला आहे त्यांनी अवश्य लिहावे.

लालमाती

उत्तरवारा, लेख मनापासून आवडला आणि शेवटचा प्रश्न तुम्ही स्वतःच विचारलात हे अधिक आवडले. माझी बाजू तालमीतल्या आणि नंतर ज्युदो शिकलेल्या माणसाची आहे, तेव्हा ती तशीच वाचावी.

श्वासाविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्यावर माझा काडीचाही आक्षेप नाही. नव्या पोराला जोड दिली की पहिल्या मिनिटात त्याचा दम तुटतो. ताकद कमी असते म्हणून हे घडत नाही. तो श्वास कोंडून झटत असतो. वस्ताद त्याला हेच सांगतात. पण ते कळते कधी, तर समोरचा खरोखर पाडायला आलेला असतो तेव्हा. सिस्तेमाच्या प्रात्यक्षिकांत हल्ला करणारा एक ठोसा टाकतो आणि हात तसाच हवेत ठेवून थांबतो, मग गुरू त्याच्याभोवती फिरून तीन-चार कामे करतो. सुरीच्या सरावातही बोथट सुरी हळू टेकवली जाते आणि शरीर तिच्यापासून वळून निसटते. पहिल्या टप्प्यावर हे ठीक आहे. परंतु सुरीचा खरा हल्ला बहुधा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने झपाझप भोसकण्याचा असतो, आणि त्यासमोर संथ गतीत शिकलेले वळण टिकते का, हे विरोध करणाऱ्या जोडीदाराशिवाय कळणे अशक्य आहे.

याच देशात याच प्रश्नाचे दुसरे उत्तर शोधले गेले आणि ते म्हणजे साम्बो ही कुस्ती. वासिली ओश्चेपकोव हे साखालिन बेटावर जन्मलेले अनाथ मूल. टोकियोतील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मविद्यालयात ते शिकले, १९११ मध्ये कोदोकान या ज्युदोच्या मूळ शाळेत दाखल झाले आणि १९१३ मध्ये त्यांनी ज्युदोचा पहिला ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्याची पहिली श्रेणी, मिळवला. पुढे मॉस्कोच्या शारीरिक शिक्षण संस्थेत ते जे शिकवू लागले त्यात ज्युदोचा गाभा होता, आणि सोव्हिएत संघातील निरनिराळ्या लोकांच्या कुस्त्यांमधले जे जे उपयोगी वाटले ते त्यात मिसळत गेले. जॉर्जियाची चिदाओबा, मध्य आशियाची कुराश, अशा कुस्त्या त्यात आल्या. या पद्धतीचा कस प्रत्येक लढतीत लागत होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये १९६४ साली ज्युदो प्रथमच आला, तेव्हा साम्बोत तयार झालेल्या सोव्हिएत मल्लांनी ज्युदोच्या घरात जाऊन चार कांस्यपदके मिळवली. साम्बोच्या खेळाडूला भीतीविषयी प्रवचन कोणी देत नाही; पाचशे वेळा पाठीवर आपटल्यावर आपटण्याची भीती आपोआप जाते.

म्हणून माझे म्हणणे असे की भीतीचा अभ्यास करायचा तर भीतीचे कारण खरे असले पाहिजे.

उत्तरवारा

लालमाती, तुमचा शेवटचा मुद्दा मी मान्य करतो, पण त्यात एक भर घालावीशी वाटते. पाचशे वेळा आपटल्यावर आपटण्याची भीती जाते हे खरे, मात्र ती आपटण्याचीच जाते. पंच मध्ये पडणार आहे, समोर एकच माणूस आहे, त्याचे वजन आपल्याइतके आहे आणि खाली गादी आहे, या चार गोष्टी साम्बोच्या खेळाडूला आधीच ठाऊक असतात. अंधारात, जिन्यावर, हातात पिशवी असताना, मागून कोणी पकडले असता जी भीती उसळते तिच्यात मुख्य भाग अनिश्चिततेचा असतो. सिस्तेमाच्या वर्गात डोळे मिटून ढकलून घेणे, गर्दीतून धक्के खात चालणे, खुर्चीत बसलेले असताना किंवा जमिनीवर पडलेले असताना काम करणे, अनेकांनी एकदम अंगावर येणे, अशा गोष्टींवर जो वेळ दिला जातो तो या अनिश्चिततेसाठी असतो.

संथ गतीचा उपयोगही मी एवढ्यापुरताच मानतो : वेगात आपल्याला आपला ताण दिसत नाही, संथपणात तो लपत नाही. परंतु ताण कळणे आणि वेगातही तो न येणे या दोन पायऱ्या आहेत, आणि पहिल्या पायरीवर वर्षानुवर्षे उभे राहून दुसरी चढल्याचे समाधान मानणारे वर्ग आहेत, ही तुमची तक्रार रास्त आहे. गती आणि विरोध टप्प्याटप्प्याने वाढवत नेणारा शिक्षक मिळाला तर या आक्षेपाची धार बरीच बोथट होईल.

समश्वास

मी अनेक वर्षे प्राणायाम शिकवते, त्यामुळे श्वासाच्या भागावरच लिहिते.

श्वास रोखल्यावर जी तगमग होते ती प्राणवायू संपल्यामुळे होते असे विद्यार्थ्यांना वाटते. ती प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते आणि ती जाणवू लागते तेव्हा शरीरात प्राणवायू पुरेसा शिल्लक असतो. उत्तरवारा यांनी सातव्या-आठव्या पावलानंतरच्या घुसमटीला भीतीची भेट म्हटले आहे, त्याला हा शारीरिक आधार आहे : धोका अजून आलेला नसतो, पण धोक्याची सूचना आलेली असते, आणि त्या दोहोंमधल्या अंतरात शांत राहण्याचा सराव करता येतो. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात, हेही सर्वमान्य आहे. व्हेगस या मज्जातंतूचा त्यात मोठा वाटा असतो.

आपल्याकडचा कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, आणि ही पद्धत यांच्यात मला एक महत्त्वाचा भेद दिसतो. प्राणायाम स्थिर आसनात, शांत जागी करायचा असतो. तिथे शरीराची धडपड आधी थांबवलेली असते. इथे मात्र शरीर हलते आहे, दुखते आहे, कोणीतरी ढकलते आहे, आणि त्यातच श्वास सापडवायचा आहे. यांपैकी एक पद्धत श्रेष्ठ असे मी म्हणणार नाही, पण प्राणायाम येतो म्हणून हे येईलच असे समजू नये. माझ्या ज्या विद्यार्थ्यांना बैठकीत दीर्घ कुंभक सहज जमतो, त्यांचाही श्वास जोर काढताना कोंडलेला मी पाहते.

सुरक्षिततेविषयी मात्र स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. श्वास रोखण्यापूर्वी जलद आणि खोल श्वासांची मालिका करू नये, कारण त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, सूचना मिळायची ती मिळत नाही आणि माणूस अकस्मात बेशुद्ध होऊ शकतो. पाण्यात तर हे जिवावर बेतते. ज्यांना उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार आहे त्यांनी श्वास कोंडून जोर लावणारे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. मार घेण्याच्या सरावाविषयी तर मला चिंताच वाटते. छातीवर, नेमके हृदयाच्या जागी, चुकीच्या क्षणी बसलेला फारसा जोरदार नसलेला फटकादेखील निरोगी तरुणाच्या हृदयाची लय बिघडवून ते थांबवू शकतो. मान, कणा आणि मूत्रपिंडांची जागा याही वर्ज्य समजाव्यात.

ओंटारियोकर

मी टोरांटोजवळ राहतो आणि काही काळ सिस्तेमाच्या वर्गाला जात असे, म्हणून मार घेण्याच्या भागाविषयी प्रत्यक्षातले सांगतो.

समश्वास यांनी सांगितलेल्या जागा आमच्या वर्गातही टाळल्या जात आणि नव्या माणसाला पहिले काही महिने ढकलण्यापलीकडे काही होत नसे. शिक्षक मारण्याआधी चेहऱ्याकडे बघत. ज्याचा जबडा आवळलेला असे त्याला ते मारत नसत, आधी श्वास घ्यायला लावत. मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवून गेला तो कोसॅकांचा, म्हणजे दक्षिण रशियातील घोडेस्वार लढवय्यांचा, आखूड चाबूक, ज्याला रशियन लोक नगाइका म्हणतात. तो पाठीवर हलकेच, मालिश केल्यासारखा चालवला जातो. त्याचा आवाज आणि त्याची कल्पना हीच प्रत्यक्ष वेदनेपेक्षा कितीतरी मोठी असतात, आणि पाठीला चामडे लागण्याआधीच माझी पाठ आखडत होती, हे मला त्या दिवशी स्वच्छ कळले.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्ग संपल्यावर सगळे गोल करून बसत आणि प्रत्येक जण त्या दिवशी काय जाणवले ते दोन वाक्यांत सांगत असे. ज्याने मारले तोही सांगे. आपल्याला मारताना सुख वाटले असे एकदा एका धिप्पाड गृहस्थांनी सगळ्यांसमोर सांगितले आणि शिक्षकांनी त्यांना काही आठवडे फक्त मार घेण्याच्या बाजूला ठेवले. अहंकाराविषयीचे तत्त्वज्ञान इतक्या व्यवहारी पद्धतीने वापरलेले मी अन्यत्र पाहिले नाही.

तरीही लालमाती यांचा आक्षेप मला खोडता येत नाही. आमच्याकडे एक मुष्टियोद्धा काही दिवस येत होता. त्याने थोडा वेग वाढवला की वर्गातल्या जुन्या विद्यार्थ्यांचीही पाठ वाकायची आणि श्वास अडकायचा. मात्र बहुतेकांना तो अडकल्याचे लगेच समजायचे आणि ते सावरायचे. या सावरण्याचे श्रेय मी सरावाला देईन.

पुराभिलेख

चर्चा चांगली चालली आहे. दोन मुद्द्यांची भर घालतो, एक इतिहासाचा आणि एक धर्माचा.

ही कला दहाव्या शतकापासून रशियन योद्ध्यांमध्ये अखंड चालत आली, असे तिच्या प्रचारसाहित्यात वाचायला मिळते. या अखंड परंपरेला लेखी पुरावा नाही. कोसॅकांची युद्धपद्धती होती, गावोगावी दोन रांगांत समोरासमोर उभे राहून होणाऱ्या मुष्टियुद्धांची जुनी प्रथा होती, आणि विसाव्या शतकात सोव्हिएत सुरक्षा यंत्रणांसाठी विक्तोर स्पिरिदोनोव (१८८२–१९४४) यांनी ‘दिनामो’ या क्रीडासंस्थेत जुजुत्सू या जपानी युद्धकलेच्या आधारे स्वसंरक्षणाचा अभ्यासक्रम बांधला होता. एवढे निश्चितपणे म्हणता येते. आजच्या सिस्तेमाचे रूप सोव्हिएत काळाच्या अखेरीचे आणि त्यानंतरचे आहे, असे मानणे मला अधिक योग्य वाटते.

मूळकथा कशा घडवल्या जातात याचे दुःखद उदाहरण साम्बोच्याच इतिहासात आहे. लालमाती यांनी ज्यांचा गौरवाने उल्लेख केला त्या ओश्चेपकोवना ऑक्टोबर १९३७ मध्ये जपानचे हेर ठरवून अटक झाली आणि काही दिवसांतच ते मॉस्कोच्या बुतीर्का तुरुंगात मरण पावले. पुढच्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १९३८ रोजी, सोव्हिएत क्रीडा समितीने या कुस्तीला अधिकृत मान्यता दिली, आणि तोच दिवस आज साम्बोचा जन्मदिवस म्हणून पाळला जातो. ओश्चेपकोव यांचेच शिष्य अनातोली खार्लाम्पियेव यांना संस्थापकपद मिळाले आणि ही कला सोव्हिएत जनतेच्या लोककुस्त्यांतून जन्मल्याचे सांगितले जाऊ लागले. जपानचे आणि ज्युदोचे नाव दीर्घकाळ गाळले गेले. ओश्चेपकोव यांच्यावरील कलंक १९५७ मध्ये पुसला गेला. तेव्हा प्राचीनत्वाचा दावा पाहिला की तो कोणाच्या सोयीचा आहे हे तपासून घ्यावे.

आता धर्म. अहंकार, राग आणि भीती यांची जी सांगड मूळ लेखात आली आहे तिचे मूळ युद्धशास्त्रात नसून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती साधनेत आहे. र्‍याब्को आणि वासिलयेव दोघेही श्रद्धावान ऑर्थोडॉक्स, आणि त्या परंपरेत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत अखंड करत राहण्याची जुनी साधना आहे. चित्तात उठणाऱ्या विकाराला तो उठतानाच पाहावे, त्याच्याशी झगडू नये आणि त्याला थाराही देऊ नये, असे तिथले मठवासी शिकवत आले आहेत. ठोसा बसल्यावर आत काय उठते ते पाहा, हा सिस्तेमातील आदेश त्याच शिकवणीचा शारीरिक अवतार आहे.

पण याच परंपरेत स्वसंरक्षणाला मुळातून आव्हान देणारी एक घटना आहे. रशियात अत्यंत पूज्य असलेले संत सेराफिम सारोव्हस्की १८०४ साली जंगलात लाकडे तोडत असताना त्यांच्यावर लुटारूंनी हल्ला केला. ते अंगाने बळकट होते आणि हातात कुऱ्हाड होती. त्यांनी ती खाली टाकली, प्रतिकार केला नाही, आणि त्या मारामुळे पुढे आयुष्यभर ते वाकून, काठीच्या आधाराने चालले. हल्लेखोर सापडले तेव्हा त्यांना शिक्षा होऊ नये असा आग्रह त्यांनी धरला. दुसऱ्या बाजूला, १३८० च्या कुलिकोवो युद्धापूर्वी द्वंद्वाला उतरलेला पेरेस्वेत हा भिक्षू आहे, ज्याला परंपरेप्रमाणे खुद्द संत सेर्गियुस यांनी पाठवले होते, आणि चर्चने त्यालाही संत मानले आहे. सिस्तेमा या दोघांच्या मधल्या जागेत उभी आहे. भीती पूर्ण गेलेल्या माणसाने कुऱ्हाड खाली ठेवावी की उचलावी, हे ती शिकवत नाही आणि शिकवू शकतही नाही. दोन्ही करण्याइतका मोकळा हात तेवढा ती तयार करू पाहते.

लालमाती

पुराभिलेख, ओश्चेपकोव यांच्या मृत्यूविषयी मला माहीत होते, परंतु मान्यतेची तारीख आणि त्यांचा मृत्यू यांत जेमतेम वर्षभराचे अंतर आहे हे लक्षात आले नव्हते. मनाला लागले.

सेराफिम यांच्या प्रसंगावर मात्र मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. कुऱ्हाड खाली ठेवणे हा त्यांचा स्वतःच्या देहापुरता निर्णय होता. शेजारी लहान मूल असते तर हाच प्रश्न वेगळा झाला असता. तालमीत ज्याच्या अंगात बळ आहे त्याने बाहेर हात उगारू नये असे शिकवतात, पण कोणाची अब्रू किंवा कोणाचा जीव जात असेल तर गप्प बसणाऱ्या पैलवानाला गावात मान राहत नाही. स्वसंरक्षणकलेच्या तत्त्वज्ञानाने दुसऱ्याच्या रक्षणाविषयी काहीतरी बोलले पाहिजे, आणि सिस्तेमाच्या चार तत्त्वांत ते मला दिसत नाही. सगळी नजर आत लागलेली आहे.

उत्तरवारा

लालमाती, हा आक्षेप मला स्पर्धेच्या आक्षेपापेक्षाही गंभीर वाटतो. सिस्तेमाच्या वर्गांत अंगरक्षकाचे काम शिकवण्याचे पाठ असतात, म्हणजे दुसऱ्याला मध्ये घेऊन गर्दीतून बाहेर काढणे, हल्लेखोर आणि तो यांच्यामध्ये स्वतःचे शरीर ठेवणे, असा सराव होतो. परंतु तत्त्वांच्या पातळीवर त्याची मांडणी झालेली नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. श्वास, शैथिल्य, ठेवण आणि हालचाल ही चारही साधने आहेत. ती कशासाठी वापरावीत हे र्‍याब्कोंच्या परंपरेत श्रद्धेवर सोपवलेले आहे आणि ज्याची ती श्रद्धा नाही त्याला ते स्वतः ठरवावे लागते.

समश्वास यांच्या सूचना मूळ लेखातच यायला हव्या होत्या इतक्या आवश्यक आहेत. येथे वाचून कोणी मार घेण्याचा सराव घरी मित्राबरोबर करू नये, अशी कळकळीची विनंती. शिक्षकाविना करता येण्यासारखे व्यायाम तीनच आहेत असे मी समजतो. झोपून एकेक अवयव आवळणे आणि सैल करणे. श्वास न अडकवता अतिसंथ जोर आणि बैठका काढणे. आणि पावलांच्या मापाने श्वास घेत चालणे. चालताना एका पावलापासून सुरुवात करावी, प्रत्येक मापावर काही मिनिटे राहावे, घुसमट वाढू लागली की अट्टहास न करता एक माप खाली यावे आणि शेवटी पुन्हा एका पावलावर उतरावे. हे सपाट रस्त्यावर जमू लागले की जिना चढताना करून पाहावे. बाकी सगळ्याला जोडीदार लागतो, आणि लालमाती म्हणतात त्याप्रमाणे तो जोडीदार कधीतरी खरोखर पाडायला आलेला असावा लागतो.